सून दिवसभर त्या डबड्यापुढंच बसून राह्यते

"रोज किती तास कॉम्प्युटरसमोर बसलं म्हणजे जास्त?" मी समुपदेशक, महिन्यातून दोन-चारदा तरी मला हे विचारलं जातं. बहुतेक वेळा विचारणारे आईवडील असतात आणि पोरगा मोबाइलवर खेळत असतो. पण ज्यांचं पोटच कॉम्प्युटरवर आहे, त्यांच्या घरूनही हा प्रश्न आता येऊ लागलाय. त्यातलाच हा एक अनुभव. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मे महिना होता. आर्वी तालुक्यातल्या एका गावाहून सासू-सून आल्या. सून बोलायच्या आधी सासूबाईच बोलल्या. "म्याडम, हिले काही लागलं काय पाहा. सकाळपासून त्या डबड्यापुढं बसून राह्यते. जेवाले बोलावलं त 'आली' म्हणते अन् घंटाभर येत नाही. रातीही उजेड दिसते खोलीत."

सून मान खाली घालून बसली होती. डोळे लाल. इंग्रजी घेऊन एम.ए. झालेली, लग्नाला तीन वर्षं. इंग्रजीतून मराठीत भाषांतर करते, कुणाची नोकर नाही. भारतातल्या दोन आणि युरोपातल्या एका एजन्सीकडून काम येतं, पैसे शब्दावर मिळतात. नवऱ्याच्या कृषी केंद्राचं उत्पन्न हंगामावर अवलंबून, त्यामुळे बाकीच्या महिन्यांचा किराणा हिच्या शब्दांवर चालतो. हे सासूबाईंना ठाऊक होतं, पण "बसून पैसे कसे भेटते" हे काही त्यांना पटत नव्हतं.

इथं मी एक चूक केली. पहिल्याच भेटीत सांगून टाकलं, "रोज आठ तास, त्याच्यावर एक मिनिट नाही." ऐकायला बरं वाटतं. चौथ्या दिवशी एका औषधाच्या माहितीपत्रकाचं तातडीचं काम आलं. आठ तास संपले म्हणून हिनं लॅपटॉप बंद केला आणि रात्री न्हाणीघरात बसून उरलेलं मोबाइलवर पूर्ण केलं. तास कमी झाले नाहीत, फक्त चोरटे झाले. वर अपराधीपणा.

दुसऱ्या भेटीत मी नियम मागे घेतला आणि तिच्या हाती एक वही दिली. दोन आठवडे लिहायचं : प्रत्यक्ष भाषांतर किती वेळ, वाट पाहण्यात किती, बाकीचं किती. तिनं प्रामाणिकपणे लिहिलं. दिवसाला सरासरी अकरा तास स्क्रीनसमोर, आणि त्यातलं भाषांतर जेमतेम साडेपाच तास. जवळपास तीन तास ती नुसती इनबॉक्स उघडत-मिटत होती! एजन्सी एकच मेल चार-पाच जणांना पाठवते, जो आधी 'हो' म्हणेल त्याला काम. पाणी प्यायला उठलो आणि तेवढ्यात मेल आला तर? घरच्यांना जे व्यसन वाटत होतं ती खरं तर धास्ती होती.

व्यसनाबद्दल इथंच सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीची अकरावी आवृत्ती 2022 पासून लागू झाली. तिच्यात गेम खेळण्याचा विकार आहे, पण त्याच्या व्याख्येत तासांचा आकडा नाही. खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा तेच मोठं होणं, नुकसान होत असूनही न थांबणं, हे तिथं पाहतात. मी हिला विचारलं, "काम नसेल त्या दिवशी लॅपटॉप उघडावासा वाटतो?" ती हसली. "नाही जी. अक्षय्य तृतीयेला माहेरी गेली होती, दोन दिवस पिशवीतूनच काढला नाही. पण फोन हातातून सुटला नाही." उत्तर त्या फोनमध्ये होतं.

मग आम्ही घड्याळ मांडलं. युरोपातली एजन्सी तिकडच्या सकाळी नऊला उघडते. उन्हाळ्यात ते आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं, म्हणजे इथं दुपारचे साडेबारा. त्याआधी तिकडच्या मेलची वाट पाहणं म्हणजे बंद दुकानापुढं थैली घेऊन उभं राहणं. देशातल्या दोघांच्या मेलसाठी फोनवर वेगळी रिंगटोन लावली, म्हणजे पाहत बसायला नको, वाजलं की जायचं. सकाळी सहा ते साडेनऊ, ऊन चढायच्या आत, फक्त भाषांतर.

रात्रीचं काम मात्र ती सोडेना. तिचंही खरं होतं. रात्री घर शांत, लाईटही टिकते. हा गुंता मी सोडवला नाही, सासूबाईंनी सोडवला. त्या आयुष्यभर लोकांच्या वावरात कापूस वेचायला गेलेल्या. मी त्यांना सांगितलं, "मावशी, तुमची वेचणी किलोवर, हिची शब्दावर. इतकाच फरक." त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग सुनेकडं वळून म्हणाल्या, "मंग दवात काऊन वेचतं व? ओला कापूस व्यापारी घेत नाही, घेतला त भाव पाडते. आमी दव उतरल्यावरच वावरात जाओ."

सुनेनं वही उघडली. रात्री दहानंतर केलेली पानं सकाळी पुन्हा दुरुस्त करावी लागलेली, असं तिनंच लिहून ठेवलं होतं. एके रात्री दीड हजार शब्द झाले आणि सकाळचे दोन तास त्यांच्या चुका काढण्यात गेले. चांगला भाषांतरकार दिवसाला साधारण दोन ते अडीच हजार शब्द करतो, हा या धंद्यातला ढोबळ हिशेब. त्यापुढचे शब्द बहुतेक ओले निघतात. (कापसाची ही गोष्ट मी आता माझ्याकडं येणाऱ्या इतरांनाही सांगते, सासूबाईंचं नाव न घेता.)

एक नवी अडचण तिनं सांगितली ती मला माहीत नव्हती. हल्ली एजन्सी मशीननं केलेलं भाषांतर पाठवते आणि "फक्त सुधारून द्या" म्हणते. दर कमी. काम सोपं दिसतं म्हणून माणूस जास्त घेतो, पण मशीनचं वाक्य दिसायला गुळगुळीत असतं आणि चूक आत दडलेली असते, त्यामुळे डोळा सारखा मूळ वाक्यावर जातो, परत येतो. तिचे सर्वांत थकलेले दिवस याच कामाचे होते. तसं काम आठवड्यातून दोनच दिवस घ्यायचं, हे तिनं स्वतः ठरवलं. मी होकारही दिला नाही, नकारही.

डोळ्यांचं कारण मात्र साधं निघालं. कूलरची हवा सरळ तोंडावर! स्क्रीनकडं पाहताना पापण्या कमी मिटतात, त्यात तो वारा, मग डोळे कोरडे पडणारच. कूलर बाजूला वळवला, लॅपटॉप धान्याच्या डब्यावर चढवून नजरेच्या रेषेत आणला आणि वेगळा कीबोर्ड घेतला. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद पाहा, असं डोळ्यांचे डॉक्टर सांगतात. पण गजर वाजला की तिची लय तुटायची. ती वापरते ते सॉफ्टवेअर मजकुराचे वाक्यावाक्याने तुकडे पाडतं. मग पंचवीस तुकडे झाले की उठून अंगणातला कडुनिंब पाहायचा, असं ठरलं. तरीही जळजळ राहिली तर डोळे तपासून घे, हेही सांगितलं.

झोप उडाली असती, जेवण सुटलं असतं, काम नसतानाही ती खोलीतून बाहेर येत नसती, तर मी हिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. ज्यांच्या घरी तसं आहे त्यांनी थांबू नये. मानसिक आरोग्यासाठीच्या 'टेली मानस' या मदतवाहिनीचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं.

नोव्हेंबरात दोघी पुन्हा आल्या. स्क्रीनसमोरचे तास अकरावरून आठ-साडेआठवर आले होते, मिळकत तेवढीच. तातडीचं काम आलं की अजूनही मध्यरात्र होतेच. सासूबाई आता दुपारी साडेबाराला स्वयंपाकघरातून हाक मारतात, "उठले काय व तुह्ये सायेब?" त्या दिवशी त्यांची माझ्याकडं तक्रार होती. दिवाळीपासून साहेब दीडला उठून राहिलेत.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास मागं जातात, हे मी समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सुनेला म्हणाल्या, "म्हंजे जेवून घ्याले घंटाभर जास्त भेटला."