कंसातली ओळ

प्रिय बाय,

तुझं पत्र परवा मिळालं. चार पानं. तीनदा वाचली, तिसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. चौतीस वर्षं वह्या तपासल्यावर ती सवय सुटत नाही.

डिसेंबरच्या बक्षीस समारंभाचं सूत्रसंचालन तुझ्याकडे आलंय, आणि तीन महिन्यांपूर्वी वारलेल्या, नववीतल्या तुझ्या त्या गोलकीपर मुलीबद्दल ‘दोन शब्द’ बोलायचं कामही तुझ्याचकडे. त्याच दिवशी दहावीच्या शंभर टक्के निकालाचा सत्कार, विज्ञान प्रदर्शनाची ढाल, मुलींच्या फुटबॉल संघानं जिंकलेला तालुक्याचा चषक. आनंदाच्या दिवशी तिचं नाव काढून मुलांचा विरस करावा का, असं तू विचारतेस. मध्येच रडू आलं तर काय, असंही विचारतेस.

रडू आलं तर थांब, घोटभर पाणी पी, पुढे बोल. त्यावर यापेक्षा जास्त शाई मी घालवणार नाही.

मला बोलायचंय ते तू सोबत पाठवलेल्या भाषणाच्या कच्च्या मसुद्याबद्दल. ‘गुणी, हसतमुख, शिक्षकांची लाडकी, संघाचा आधारस्तंभ, तिच्या जाण्यानं कधीही भरून न येणारी पोकळी...’ बाय, ही कोण? तुझ्या हायस्कुलात सव्वाचारशे मुलं आहेत. यातलं एक तरी विशेषण असं आहे का, जे बाकीच्यांतल्या शंभरजणांना चिकटवता येणार नाही?

आणि पत्राच्या तिसऱ्या पानावर, कंसात, जाता जाता तू लिहिलंयस: ‘(गोलमागे सगळ्यांच्या चपला ती जोडी जोडी लावून ठेवायची, पाऊस आला की स्वतःचा रेनकोट त्यांच्यावर घालायची आणि आपण भिजत गोलमध्ये उभी राहायची.)’

या ओळीखाली मी दोन रेघा मारल्यात. तुझं भाषण इथे आहे आणि तू ते कंसात कोंडलंस. मोघम बोलू नकोस. तुला दुसरा सल्ला माझ्याकडे नाही. हाच पुन्हा पुन्हा देणार आहे, कंटाळलीस तरी.

मी हे कुठून शिकलो ते सांगतो. आजवर घरच्यांखेरीज आणि एका आईखेरीज कोणाला सांगितलेलं नाही.

१९९३ मध्ये आठवीच्या वर्गात माझ्याकडे एक मुलगा होता. नाव लिहीत नाही. गणितात काठावर पास व्हायचा, पण डोंगरावरचं झाड न् झाड त्याला ठाऊक. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की वाड्यावरच्या अर्ध्या घरांच्या माटोळीचं, गणपतीवर टांगायच्या त्या फळापानांच्या चौकटीचं, सामान तोच आणून द्यायचा. कौंडळाची लाल फळं, कांगलां, घागऱ्या. घागऱ्या तुला माहीत आहेत. शेंग वाळली की आतल्या बिया सुटतात आणि हलवली की खुळखुळते. त्या वर्षी चवथीनंतर महिना-दीड महिन्यानं तो वाळलेल्या घागऱ्या खिशात घालून वर्गात आला. मी फळ्यावर बीजगणित सोडवतोय आणि मागे खुळखुळ. दोनदा दटावलं. तिसऱ्यांदा त्याच्या खिशातून त्या काढल्या, कचऱ्याच्या टोपलीत टाकल्या आणि त्याला तास संपेपर्यंत बाहेर उभं केलं. आत आल्यावर तो टोपलीकडे बघत होता. मला ते दिसलं. मी पुढचं उदाहरण घेतलं.

पुढच्या मे महिन्यात नदीवर पोहायला गेला, तो परत आला नाही.

डिसेंबरात समारंभ होता. श्रद्धांजलीचं भाषण वर्गशिक्षक म्हणून माझ्याकडे. प्रमुख पाहुणे पणजीहून येणार, हायस्कूलचं माध्यम इंग्रजी, म्हणून मी इंग्रजीत लिहिलं. डिसिप्लिन्ड, ओबीडियंट, सिन्सिअर. टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी खांद्यावर हात ठेवला. पहिल्या रांगेत त्याची आई बसली होती. तिला त्यातला एक शब्द कळला नव्हता. कार्यक्रम संपल्यावर तिनं तो कागद मागून घेतला. मी दिला, आणि खरं सांगायचं तर मला बरंही वाटलं.

त्या वर्षी सुतकामुळे त्यांच्या घरी चवथ झाली नव्हती. पुढच्या वर्षी झाली, आणि मी दर्शनाला गेलो. माटोळी बांधलेली होती. नारळ, सुपारीची शिपटी, तोरिंगं, कौंडळ, सगळं. घागऱ्या नव्हत्या. माझी नजर तिथेच अडकलेली तिनं पाहिली असावी. म्हणाली, ‘घागऱ्यो तो हाडटालो.’ घागऱ्या तो आणायचा. मग आत जाऊन पेटीतून माझा कागद घेऊन आली आणि म्हणाली, सर, हे मराठीतून वाचून दाखवा.

मी वाचायला लागलो. शिस्तप्रिय. आज्ञाधारक. अभ्यासू. प्रामाणिक. ती माझ्या तोंडाकडे बघत ऐकत होती. अर्ध्या पानावर तिनं मला थांबवलं. रागानं नाही, खरंच न कळून विचारलं, ‘सर, हो कोणाचो भुरगो?’ हा कोणाचा मुलगा?

बाय, मी खाली मान घालून बसलो. त्या पानभर मजकुरात तिचा मुलगा कुठेच नव्हता. मला तो माहीत नव्हता का? चांगला माहीत होता. पण खरा मुलगा सांगायचा तर घागऱ्या सांगाव्या लागल्या असत्या, आणि घागऱ्या सांगितल्या की टोपली आलीच. मोघम बोलून मी त्याचा मान राखत नव्हतो, स्वतःला झाकत होतो. म्हणून तुला विचारतो, तुझ्या त्या ‘पोकळी’मागे काय आहे? एखाद्या दिवशी तू तिच्यावर ओरडली होतीस का? सरावाला उशीर झाला म्हणून बाहेर बसवलं होतंस का? असेल तर तेही बोल. तुझी अब्रू जाणार नाही, आणि गेली तर थोडी जाऊ दे.

टोपलीची गोष्ट त्या आईला सांगायला मला आणखी सहा वर्षं लागली. ती एवढंच म्हणाली, ‘म्हाका खबर आशिल्लें.’ त्यानं त्याच संध्याकाळी घरी सांगितलं होतं. म्हणजे भाषणाच्या दिवशी पहिल्या रांगेत बसून ती ऐकत होती, तेव्हाही तिला ते ठाऊक होतं.

आता भाषेचं. तू मसुदा इंग्रजीत केलायस, ‘कार्यक्रम इंग्रजीत असतो’ म्हणून. निकाल इंग्रजीत वाच, ढाल इंग्रजीत दे, माझी काही हरकत नाही. पण हा भाग मराठीत बोल, नाहीतर घरी बोलतेस त्या कोंकणीत. आमची पिढी गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात गावोगाव निघालेल्या मराठी प्राथमिक शाळांतून शिकली आणि हायस्कुलात इंग्रजीवर आली. मग सभेत उभं राहिलं की इंग्रजीच शोभते, असं आम्हाला वाटायचं. दादापुता करून कोणी शिकवलं नव्हतं, आपसूक वाटायचं. त्या वाटण्यानं मी एका आईला तिच्याच मुलाच्या कार्यक्रमात परकी करून ठेवलं. तू ते करायचं नाहीस. हेडमास्तर नाराज झाले तर माझं नाव सांग.

विरस होईल म्हणतेस. कोणाचा? त्या अकरा मुली तिच्यासोबत चिखलात खेळल्या, आणि ती गेल्यावर महिन्याभरात दुसरीला गोलमध्ये उभी करून चषक घेऊन आल्या. त्यांना तू काय लपवणार? उलट, सुरुवातीला दोन मिनिटं शांतता आणि मग ‘आता वळूया आनंदाच्या क्षणांकडे’ हे जे तू योजलंयस ना, ते मला वाचवत नाही. तिला समारंभाच्या दारातच उरकून टाकल्यासारखं होतं ते. चषक देतानाच तिच्याबद्दल बोल. आधी चपला, मग चषक. चषक घ्यायला कॅप्टनसोबत आता गोलमध्ये उभी राहते त्या मुलीलाही बोलाव. तिच्यावर केवढं ओझं असेल याचा विचार तुमच्यापैकी कोणी केला का? पत्रात तिचा उल्लेखसुद्धा नाही.

पालक ठेव ठेवणार आहेत, दरवर्षी तिच्या नावानं बक्षीस द्यायचं म्हणतात, आणि मॅनेजमेंटनं ‘नववीत पहिली येणाऱ्या मुलीला’ असं ठरवत आणलंय, असं तू लिहितेस. हे थांबव. इथे मोघम झालात तर ते कायमचं मोघम होईल.

माझ्या त्या मुलाच्या वडिलांनी पाच हजार रुपये आणून दिले होते. त्या काळी बँकेचं व्याज दहा टक्क्यांच्या वर, म्हणजे वर्षाला पाचशे सहज सुटायचे. सभेत ठरलं, गणितात पहिला येईल त्याला. मी उभा राहिलो आणि म्हटलं, त्याला जन्मात मिळालं नसतं ते बक्षीस त्याच्या नावानं देऊ नका. चवथीच्या सुट्टीआधी व्हरांड्यात टेबल मांडा, माटोळीच्या झाडांची पानं ठेवा, फळं नकोत, नुसती पानं. सर्वांत जास्त ओळखेल त्याला द्या. तीन सभा गेल्या. प्रथा मोडतो म्हणाले, एकानं तोंडावर हेकट म्हटलं. पुढे बढतीच्या वेळी ही गोष्ट माझ्याविरुद्ध निघाली. निघू दे. मी आजही म्हणतो, त्या सभेत माझं बरोबर होतं. मुलं आठवडाभर आधीपासून आजीला धरून डोंगरावर जातात. गेल्या वर्षी जिंकलेल्या मुलीनं एकवीस पानं ओळखली आणि बाविसाव्यावर माझ्याशीच वाद घातला. ती बरोबर होती. व्याज आता तीनशे-साडेतीनशेवर आलंय, वरची भर मी घालतो. मी असेपर्यंत घालीन. कोणी याला हट्ट म्हटलं तर म्हणो.

तेव्हा तिचं बक्षीस पहिलीला नको. काय ठरवायचं ते तुझ्या संघातल्या मुलींना विचार, त्यांना बरोबर कळेल. तू ‘अष्टपैलू विद्यार्थिनी’ वगैरे सुचवू नकोस. मोघम नको म्हटलं ना.

मसुदा पुन्हा लिही आणि रविवारी घेऊन ये. सकाळच्या कदंब बसनं आलीस तर जेवूनच जा, हिनं तसं सांगायला सांगितलंय. दीड पान पुरे. विशेषण एकही नको, मी पेन्सिल घेऊन बसणार आहे.

आणि येण्याआधी तिच्या घरी जाऊन ये. तीन महिने झाले आणि तू अजून गेलेली नाहीस, हे तू लिहिलं नसलंस तरी पत्रातून कळतं. चपलांचं आईला आधी सांग, ते तिनं सभेत पहिल्यांदा ऐकू नये. लेक रोज भिजून का यायची, हे कदाचित तिला अजून कोणी सांगितलंच नसेल. आणि रेनकोटचा रंग विचारून घे. तू तो लिहिलेला नाहीस.

तुझा,
सर