‘कोरोनाने’, ‘कोरोनामुळे’ की ‘कोरोनात’?

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका वाचकांनी प्रश्न पाठवला आहे. त्यांच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघते आहे आणि २०२०-२१ मध्ये गेलेल्यांच्या नोंदींवरून भावंडांत जुंपली आहे. थोरले काका एप्रिल २०२१ मध्ये गेले. चाचणी पॉझिटिव्ह होती, बरे होऊन घरी आले आणि आठवड्याभरात हृदयविकाराचा झटका आला. आत्याला कोरोना झालाच नव्हता. तिचं नेहमीचं डायलिसिस सेंटर कोविडसाठी घेतलं गेलं, दोन-तीन डायलिसिस चुकली आणि ती गेली. चुलतभावाची चाचणी निगेटिव्ह, पण एचआरसीटीचा, म्हणजे छातीच्या स्कॅनचा, स्कोअर अठरा, म्हणजे फुप्फुसांत संसर्ग बराच. या तिघांपुढे ‘कोरोनाने निधन’ लिहायचं, ‘कोरोनामुळे’ लिहायचं की ‘कोरोनात’? जुन्या आवृत्तीत पणजोबांच्या पिढीपुढे सरसकट ‘प्लेगात वारले’ असं आहे. शिवाय या निमित्ताने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर देशात नेमके किती गेले यावर रण माजलं आहे. धाकटा भाऊ पाच लाखांवर ठाम, वहिनी सत्तेचाळीस लाखांवर. जाता जाता ‘महामारी’ की ‘महासाथ’, आणि ‘मृत्युदर’ की ‘मृत्यूदर’, हेही त्यांनी विचारलं आहे.

तिन्ही रूपं शुद्ध आहेत, तेव्हा व्याकरणाचं पुस्तक दाखवून हा वाद मिटायचा नाही. पण ती एकाच अर्थाची नाहीत, आणि माझ्या मते ग्रुपवरचं भांडणही मुळात याच तीन रूपांचं आहे.

तृतीयेचा ‘ने’ हत्यार दाखवतो. कोयत्याने तोडलं, तापाने फणफणला, सर्पदंशाने गेला. ज्याने थेट जीव घेतला ते. मधे दुसरं काही शिरलं की हा ‘ने’ कानाला खटकायला लागतो. काका ‘झटक्याने’ गेले हे सगळे मान्य करतील. ‘कोरोनाने’ म्हटलं की घरातला एखादा डॉक्टर भाचा आडवा येणारच. (निधनवार्तांमधल्या ‘अल्पशा आजाराने’ मध्येही हाच ‘ने’ आहे, फक्त तिथे तो दाखवायला नाही, झाकायला असतो. त्या दोन वर्षांत त्याला फार राबावं लागलं.)

‘मुळे’ हे शब्दयोगी अव्यय ‘मूळ’ वरूनच आलेलं, आणि ते एक पायरी मागे जातं. पावसामुळे पूल पडला, म्हणजे पावसाने पाया खचला आणि मग पूल पडला. मृत्यूच्या कारणाचं जे प्रमाणपत्र डॉक्टर भरतात त्याची बांधणी नेमकी अशीच आहे. पहिल्या ओळीत तात्कालिक कारण, दुसऱ्या ओळीत ते कशामुळे उद्भवलं, तिसऱ्या ओळीत तेही कशामुळे. साखळीच्या तळाशी जे येतं ते मूळ कारण, आणि आकडेवारीत तेच धरलं जातं. मधुमेह, रक्तदाब अशा हातभार लावणाऱ्या दुखण्यांसाठी खाली वेगळा भाग असतो. म्हणजे ‘त्यांना शुगर होतीच हो, कोरोना नुसतं निमित्त’ हा आपल्याकडचा लाडका युक्तिवाद त्या फॉर्मने कधीच निकालात काढलेला आहे. शुगर घेऊन माणूस आणखी पंधरा वर्षं जगला असता, तर तिला मूळ कारण म्हणता येत नाही.

हे ‘मुळे’ कुठपर्यंत ताणायचं याचा निर्णय शेवटी न्यायालयाच्या दट्ट्याने झाला. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये आदेश दिला, आणि सप्टेंबरमध्ये केंद्राने नियम काढला की चाचणी झाल्यापासून ३० दिवसांत रुग्ण गेला तर तो मृत्यू कोविडचाच धरावा, मग तो दवाखान्यात होवो की घरी. अपघात, खून वगैरे वगळून. पाठोपाठ वारसांना ५० हजार रुपयांचं सानुग्रह साहाय्य जाहीर झालं आणि शब्दयोगी अव्ययाला बाजारभाव आला. महाराष्ट्रात नोंदलेल्या कोविड मृत्यूंपेक्षा साहाय्याचे अर्ज जास्त आले. त्यात खोटेही असणार, तशी चिंता खुद्द न्यायालयाने बोलून दाखवली. पण सगळे खोटे होते असं म्हणायला फारच धाडस लागेल.

आता ‘कोरोनात’. मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते यावर.

सप्तमीचा ‘त’ कारण सांगतच नाही. तो जागा सांगतो किंवा काळ. लढाईत पडला, पुरात वाहून गेला, दुष्काळात गेले. लढाईत पडलेल्याला गोळी लागली की तलवार, की जखम चिघळून तो महिन्याने गेला, हे ‘त’ विचारत नाही. दुष्काळात गेलेल्यांपैकी कितीतरी जण भुकेने नव्हे, तर पटकीने आणि हिवतापाने गेले. तरी ‘दुष्काळात गेले’ हे विधान खोटं ठरत नाही. ‘बाळंतपणात गेली’ पाहा. आपल्या आज्या-पणज्यांनी हा ‘त’ किती विचारपूर्वक ठेवला आहे! रक्तस्राव असो, ताप असो, झटके असोत, सगळं त्यात मावतं. आजचं वैद्यकशास्त्र मातामृत्यू मोजताना बाळंतपणानंतरच्या ४२ दिवसांपर्यंतचे, त्या अवस्थेशी संबंध असलेले सगळे मृत्यू धरतं. फक्त त्यांनी दिवस मोजून कुंपण घातलं, बायकांनी नुसता प्रत्यय लावला.

पण हा ‘त’ कुठल्याही रोगाला लागत नाही. कॅन्सरने गेले म्हणतात, ‘कॅन्सरात गेले’ कोणी म्हणत नाही. टीबीने, काविळीने, डेंग्यूने. त्या त्या माणसाचा तो रोग. ‘त’ लागायला रोगाचं नाव आधी काळाचं नाव व्हावं लागतं. त्याची चाचणी सोपी आहे: त्या शब्दापुढे रोगाशी संबंध नसलेली क्रिया जोडून बघा. ‘कोरोनात तिचं लग्न झालं’, ‘कोरोनात नोकरी गेली’, ‘कोरोनात गंगेवरचे दशक्रिया विधीसुद्धा अडले’, ही वाक्यं नाशिककर रोज बोलतात. ‘डेंग्यूत तिचं लग्न झालं’ म्हणालात तर नवरी तापाने फणफणत बोहल्यावर उभी राहिली असा अर्थ होईल. २००९ चा स्वाइन फ्लूसुद्धा जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलेली रीतसर जागतिक साथच होती, देशातला त्याचा पहिला बळी आपल्या शेजारी पुण्यात गेला. तरी लोक ‘स्वाइन फ्लूने गेले’ म्हणतात, ‘स्वाइन फ्लूत’ नाही. प्लेगला मात्र ‘त’ लागला. आपल्या भगूरचे दामोदरपंत सावरकर १८९९ मध्ये प्लेगने गेले, आणि त्यांचं घर प्लेगात विस्कटलं. १९१८ च्या इन्फ्लुएंझालाही जुन्या माणसांच्या तोंडी ‘मानमोडी’ हे नाव आणि तोच ‘त’ होता. साथ किती भीषण होती हे मोजायचं एक माप मराठीने असं नकळत करून ठेवलं आहे.

मग ग्रुपवरचे आकडे. २०२० आणि २०२१ मिळून भारताने अधिकृतपणे सुमारे ४ लाख ८१ हजार कोविड मृत्यू नोंदवले; पुढची वर्षं धरून हा आकडा ५ लाख ३३ हजारांवर गेला. धाकटे भाऊ म्हणतात तो हा. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये त्याच दोन वर्षांसाठी अंदाज दिला तो ४७ लाखांचा, वहिनींचा. भारत सरकारने त्या गणिती पद्धतीवर जाहीर हरकत घेतली. पण दोन्ही आकडे एकच गोष्ट मोजत नाहीत. पहिला आहे ‘ने’ आणि ‘मुळे’ चा, तोही जिथे कागद तयार झाला तिथलाच. दुसरा ‘त’ चा: एरवी त्या काळात जितके गेले असते त्यापेक्षा किती जास्त गेले. इंग्रजीवरून याला काही जण ‘जादा मृत्यू’ म्हणतात. कृपा करून म्हणू नका, एसटीने यात्रेला सोडल्यासारखं वाटतं. ‘नेहमीपेक्षा अधिकचे मृत्यू’ लांबलचक असलं तरी निदान माणसांबद्दल आहे असं कळतं.

यात मी तटस्थ नाही. देशात २०२० मध्ये नोंदलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरने कारण प्रमाणित केलेले होते फक्त २२.५ टक्के. म्हणजे शंभरातल्या सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर जणांच्या बाबतीत ‘ने’ लिहायला पेन धरणारा हातच नव्हता. नागरी नोंदणीत २०१९ साली ७६.४ लाख मृत्यू होते, २०२० मध्ये ८१.२ लाख, आणि २०२१ मध्ये १ कोटी २ लाख. नोंदणी दरवर्षी सुधारते आहे, त्यामुळे ही सगळी वाढ साथीच्या खात्यावर टाकता येणार नाही; पण एका वर्षात एकवीस लाखांची उडी केवळ कारकुनांच्या तत्परतेने होत नसते. ४७ लाख अगदी तंतोतंत असेल असं नाही. पाच लाख हा मात्र तळ आहे. १९१८ मध्येही असंच झालं होतं. सुरुवातीचा सरकारी अंदाज साठ लाखांच्या घरात होता. पुढच्या अभ्यासकांनी जनगणना ताडून तो १.२ ते १.८ कोटींपर्यंत नेला. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या घटली, आणि जनगणनेच्या इतिहासात तसं पुन्हा कधी झालं नाही.

‘त’ चा हिशेब डोळे मिटून घ्यावा असंही नाही. टाळेबंदीत रस्ते ओस पडले आणि देशातले रस्ते अपघातांतले मृत्यू २०१९ च्या सुमारे १.५१ लाखांवरून २०२० मध्ये १.३२ लाखांवर आले. अधिकच्या मृत्यूंच्या गणितात ही वजाबाकी होते. आपल्या बोलण्यात होत नाही. अपघात न झाल्यामुळे कोरोनात वाचलेल्याला आपण वाचला आहे हेही माहीत नसतं.

तिन्ही रूपं एकमेकांपासून किती दूर जाऊ शकतात हे आपल्याच गावात दिसलं. २१ एप्रिल २०२१ रोजी महापालिकेच्या रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली आणि त्या दिवशी २२ रुग्ण गेल्याची बातमी आली. सगळे कोविडचे. ते कोरोनाने गेले का? तो ‘ने’ तिथे बसवून पाहा, जीभ अडते. प्राणवायू तुटल्याने गेले. कोरोनामुळे? तिथे असण्याचं कारण तेच होतं, पण तेवढंच म्हटलं तर गळती आणि ती टाकी सांभाळणारे सगळे वाक्यातून निसटतात. कोरोनात गेले, हे मात्र निर्विवाद. ‘त’ हा दयाळू प्रत्यय आहे, आणि म्हणूनच तो कोणाला जबाबदार धरत नाही.

‘महामारी’ की ‘महासाथ’ याचं उत्तर थोडक्यात देतो. ‘साथ’ पसरणं सांगते, ‘मारी’ मरणं. मरीआई, जरीमरी यांची देवळं वेशीवर उभी आहेत ती पटकीच्या भयाने. जागतिक साथ जाहीर होते ती मुख्यतः ती किती देशांत पसरली यावरून, किती मेले यावरून नव्हे. ११ मार्च २०२० रोजी ती जाहीर झाली तेव्हा भारतात कोविडच्या एकाही मृत्यूची नोंद झालेली नव्हती. वाहिन्यांनी ‘महामारी’ म्हटलं, लोकांनी आजूबाजूला पाहिलं, कोणी मरताना दिसेना. ‘कसली महामारी आणि कसलं काय’ ही थट्टा तिथून सुरू झाली आणि वर्षभराने अमरधाम स्मशानभूमीबाहेर रांगा लागल्या तेव्हा तोंडातच विरली. ‘महासाथ’ हा वर्तमानपत्री शब्द घडवलेला असला तरी नेमका आहे. मी तोच वापरतो.

‘मृत्युदर’ ने तर आणखी गोंधळ घातला. भावाने ग्रुपवर हिशेब मांडला आहे: मृत्युदर १.२ टक्के, म्हणजे १४० कोटींत पावणेदोन कोटी मरायला हवे होते, मेले नाहीत, म्हणून सगळं थोतांड. पण तो १.२ टक्के लोकसंख्येचा नाही, निदान झालेल्या रुग्णांचा आहे: साडेचार कोटी रुग्ण, ५ लाख ३३ हजार मृत्यू. ज्यांना लागण होऊनही चाचणी झाली नाही ते त्यात नाहीत, आणि चाचणीविना गेले तेही नाहीत. खरा मृत्युदर, म्हणजे जनगणनेवाल्यांचा, दर हजार लोकसंख्येमागे वर्षाला असतो आणि भारतात तो साधारण ६ आहे. दोन वेगवेगळ्या छेदांना एकच शब्द दिला की भांडण ठरलेलंच. ‘रुग्णांमधला मृत्युदर’ असं दोन शब्दांत लिहिलं असतं तर शाईचा फार खर्च झाला नसता.

नोंदींकडे येतो. काकांपुढे ‘कोरोनामुळे आलेल्या हृदयविकाराच्या झटक्याने’ लिहा, पण तुमच्या डॉक्टरांना विचारूनच. त्यांना तशी खात्री नसेल तर ‘कोरोनातून उठल्यावर आठवड्याभरात हृदयविकाराने’ हे पुरे आहे. चुलतभावापुढे ‘कोरोनाने’ लिहायला हरकत नाही. स्कोअर अठरा असताना निगेटिव्ह चाचणीला फार मान द्यायची गरज नाही, आणि कुलवृत्तांत काही सानुग्रह साहाय्याचा अर्ज नव्हे. आत्यापुढे ‘कोरोनात, डायलिसिस न मिळाल्याने’. तिथला स्वल्पविराम गाळू नका. त्याच्या अलीकडे काळ आहे, पलीकडे कारण. जुन्या ‘प्लेगात वारले’ ला हात लावू नका. त्यातला कोण गाठ येऊन गेला आणि कोण गाव सोडून माळावर झोपडीत राहताना गेला, हे आता शोधून सापडायचं नाही.

आणि लेखन: ‘मृत्यू’ एकटा असताना दीर्घ, समासात पहिला आला की ऱ्हस्व. मृत्युदर, मृत्युपत्र, मृत्युलेख. सरकारी फलकांवर ‘मृत्यूदर’ दिसतो, तो चूक आहे.