नालासोपारा, बदलापूर की घणसोली?

प्रश्न : ताई, भांडुपला सासऱ्यांच्या चाळीतल्या खोलीत आम्ही सहा माणसं राहतो. मी ऐरोलीच्या एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. मिस्टर महापे एमआयडीसीत सीएनसी ऑपरेटर आहेत. मुलगी चार वर्षांची. दोघांचे मिळून ४६ हजार हातात येतात, सहा लाख साठवलेत. मिस्टरांच्या मित्राने नालासोपारा पूर्वेला २६ लाखांत वन बीएचके दाखवलाय. मी बदलापूर पश्चिमेला ८ हजार भाड्याचा फ्लॅट बघून आले. घणसोली गावात वन आरकेलाच १२ हजार सांगतात. सासूबाई म्हणतात, नालासोपाऱ्यात रोज काहीतरी घडतं, टीव्हीवर दाखवतात. आई म्हणते, मुलीला घेऊन बदलापूरला जाऊ नकोस. माझी सेकंड शिफ्ट रात्री साडेनऊला सुटते. आम्ही स्वस्ताई बघावी, सुरक्षितता बघावी की नोकरी जवळ बघावी?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : तुमच्या जागी मी असते तर आज घणसोली निवडली असती, आणि तीही भाड्याने. बारा हजार म्हणजे हातात येणाऱ्या पैशांचा चौथा हिस्सा. एवढं भाडं दर महिन्याला जाताना बघून घरात कुरबुर होणार, म्हणून कारणं सविस्तर सांगते. मिस्टरांनाही वाचायला द्या.

नालासोपाऱ्यावर मी फुली मारते ती टीव्हीवरच्या बातम्यांमुळे नव्हे. रात्री साडेनऊला तुमची शिफ्ट सुटली की ऐरोलीहून ठाणे, ठाण्याहून दादर, दादरला पूल चढून विरार गाडी. तीन गाड्या. नालासोपाऱ्याला स्टेशनबाहेर पडेपर्यंत बारा वाजतील. घोडबंदरमार्गे बसने जायचं तर तिथली कोंडी तुम्हाला ठाऊक आहेच. वसई पूर्वेला वालीव, सातिवलीच्या गाळ्यांमध्ये मिस्टरांना काम मिळूही शकेल, पण तुमचं काय? बँकेच्या गृहकर्ज विभागात मी नोकरीची बहुतेक वर्षं काढली. दोन पगार दाखवून लांबचं घर घेतलेली किती जोडपी मी पुन्हा काउंटरवर पाहिली! लांब गेल्यावर घरात पहिली सुटते ती बाईची नोकरी. आधी नाईट नको म्हणून, मग मुलीची शाळा म्हणून. हप्ता मात्र दोन पगारांवरच बेतलेला असतो. २० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलंत तर हप्ता सतरा हजार साडेतीनशेच्या आसपास येईल. तुमचा पगार थांबला तर तो कुठून भरणार, हे आज रात्रीच दोघांनी कागदावर मांडा.

आता गुन्हेगारीचं. सासूबाई टीव्हीवर बघतात ते खोटं नसतं, पण त्यावरून एखादी गल्ली कशी आहे ते कळत नाही. दरवर्षी राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचा अहवाल आला की अमुक शहर सुरक्षित, तमुक असुरक्षित अशा बातम्या लागतात. त्यातला महानगरांचा तक्ता २० लाखांवर लोकसंख्येच्या १९ शहरांचा असतो. आपल्याकडची त्यात मुंबई, पुणे आणि नागपूर. नालासोपारा, बदलापूर किंवा घणसोलीचं नाव त्यात मिळणार नाही. शिवाय आकडा नोंदवलेल्या गुन्ह्यांचा असतो. जिथे पोलीस तक्रार लिहून घेतात तिथे तो फुगतो.

त्यापेक्षा उपयोगाची गोष्ट तुमच्या मोबाइलवर आहे. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर नागरिकांसाठीच्या भागात ‘प्रकाशित एफआयआर’ म्हणून सोय आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर गुन्हे असे उघड करावे लागतात. जिल्ह्याच्या जागी नवी मुंबई, ठाणे शहर किंवा मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालय निवडा, मग तुमच्या पत्त्याचं पोलीस ठाणं आणि तारखा टाका. यादी येईल, प्रत्येक गुन्ह्यापुढे भारतीय न्याय संहितेचं कलम असेल. १ जुलै २०२४ पासूनची ही नवी कलमं वाचायला एक संध्याकाळ पुरते. ३०४ म्हणजे हिसकावून नेणं, साखळी-मोबाइल. ३०५ म्हणजे घरातली चोरी, ३३१ म्हणजे घरफोडी, ३०९ म्हणजे जबरी चोरी. रात्री एकटी चालत घरी येणाऱ्या बाईने ३०४ आणि ३०९ मोजावेत. ३१८ खाली फसवणूक येते आणि हल्ली ती पुष्कळदा ऑनलाइन असते. तिचा तुमच्या रस्त्याशी संबंध नाही. आणि १३७ दिसलं, म्हणजे अपहरण, तर लगेच घाबरू नका. अल्पवयीन मूल घरातून निघून गेलं आणि सापडलं नाही की हेच कलम लागतं, कुणाबरोबर पळून गेलेली सतरा वर्षांची मुलगीही त्यातच मोजली जाते. लैंगिक अत्याचारांचे गुन्हे या यादीत टाकत नाहीत, आणि रेल्वेच्या हद्दीतली चोरी लोहमार्ग पोलिसांकडे जाते. तेवढी उणीव धरून चला.

तिन्ही पत्त्यांसाठी शेवटच्या दोन महिन्यांचं हे काम करा. मग सासूबाईंशी बोलायला हातात काहीतरी असेल.

आईच्या भीतीबद्दल. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्यांवर जे झालं, आणि तक्रार घ्यायला त्यांच्या पालकांना तासन्‌तास ताटकळावं लागलं, ते कुठल्याच आईने विसरू नये. २० ऑगस्टला लोक रुळांवर बसले ते त्या रागातून. पण तो धोका कुठल्या एका गावाचा नाही. घणसोलीतही मुलीला कुठल्या पाळणाघरात ठेवणार, तिथे किती बायका आहेत, मुलांना स्वच्छतागृहात कोण नेतं, दुपारी न सांगता गेलात तर आत सोडतात का, हे विचारावंच लागेल. ऐरोली-घणसोलीत राहिलात तर तुम्हा दोघांपैकी एकजण अर्ध्या तासात तिथे पोहोचू शकतो. बदलापूरहून ते शक्य नाही, आणि माझ्या लेखी हा फरक मोठा आहे.

बाकी बदलापूर वाईट नाही. मिस्टरांसाठी बदलापूर आणि अंबरनाथची एमआयडीसी आहे, आनंदनगरला इंजिनीअरिंगचे कारखाने आहेत. जागा मोठी मिळते. फक्त पश्चिमेला घर बघताना उल्हास नदी किती लांब ते विचारा. जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली होती ती याच नदीमुळे. तळमजला घेऊ नका. आणि सकाळच्या गाडीचा विचार करा. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दरवाजात लटकलेले प्रवासी रुळांवर पडून मेले. आपण साखळीचोराला भितो, पण तुमच्यासारख्या रोज जा-ये करणाऱ्या माणसाच्या जिवाला जास्त धोका त्या दरवाजात आहे. घर निवडताना मी तोही हिशेबात धरते.

आता नोकरी. आपली आजची नोकरी किती जवळ, हे सगळेच बघतात. मी विचारते, ही सुटली तर दुसरी याच पासावर मिळेल का? घणसोलीचं उत्तर हो आहे. दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून एमआयडीसी पसरली आहे, ट्रान्स हार्बर लोकलवर रबाळे, घणसोली, कोपरखैरणे एकामागोमाग येतात. रुग्णालयं ऐरोली, वाशी, नेरुळला आहेत, उलट दिशेला ठाण्यातही आहेत. तुम्हाला उद्या पाचशे-हजार जास्त देणारं रुग्णालय सापडलं तर घर न हलवता बदलता येईल. मिस्टरांच्या बाबतीत एक सावधगिरी. या पट्ट्यात जुन्या कारखान्यांच्या जागी आयटी पार्क आणि डेटा सेंटर उभी राहत आहेत. डेटा सेंटरला जागा आणि वीज भरपूर लागते, सीएनसी ऑपरेटर लागत नाही. त्यांचं काम चार-पाच वर्षांनी तळोज्याकडे किंवा अंबरनाथकडे सरकू शकतं. म्हणूनच आज कुठेच विकत घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

बदलापूर आणि घणसोलीच्या भाड्यात चार हजारांचा फरक आहे. लोकलचा पास स्वस्त, तेव्हा प्रवासखर्चातून ते भरून येणार नाहीत, मी तशी खोटी आशा दाखवत नाही. ते भरून येतील मिस्टरांच्या ओव्हरटाइममधून आणि तुमची नोकरी टिकण्यातून.

पैसे देण्याआधी एकदा रात्री सव्वादहाला घणसोली स्टेशनवर उतरा आणि त्या खोलीपर्यंत चालत जा. मिस्टर बरोबर असोत, पण चार पावलं मागे. मेडिकल उघडं आहे का, शेअर रिक्षाची रांग अजून लागलेली आहे का, गल्लीच्या तोंडाशी दिवा लागतो का, दुसऱ्या बायका चालताना दिसतात का. गावातल्या गल्ल्या अरुंद असल्या तरी ओट्यावर माणसं बसलेली असतात, ते मला आवडतं. नव्या सेक्टरमधला रुंद, रिकामा रस्ता रात्री जास्त अवघड वाटतो. जिन्यात दिवा नसेल तर मालकाला आधी लावायला सांगा, मगच डिपॉझिट द्या.

गावठाणात भाड्याने राहायला हरकत नाही, विकत मात्र घेऊ नका. तिथल्या बऱ्याच इमारती प्रकल्पग्रस्तांनी, म्हणजे नवी मुंबईसाठी जमिनी गेलेल्या मूळ गावकऱ्यांनी, परवानगीशिवाय ‘गरजेपोटी’ बांधलेल्या आहेत, त्या नियमित करण्याचा घोळ अनेक वर्षं चालू आहे. भाड्याचा करार नोंदणीकृतच हवा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार तो नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. नुसत्या नोटरीवर भागवू नका. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात दिल्याची पोच मागून घ्या.

शेवटी त्या २६ लाखांच्या फ्लॅटबद्दल, कारण माझा जीव खरा तिथे अडकला आहे. घरफोडीत दागिने जातात. बेकायदा इमारतीत आयुष्यभराची कमाई जाते. २०२५ च्या सुरुवातीपर्यंत नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीतल्या ४१ इमारती न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या. त्या कचराभूमी आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव जागेवर होत्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरारला अनधिकृत इमारत कोसळून १७ माणसं गेली. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींना खोट्या परवानग्या दाखवून महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, क्रमांकसुद्धा मिळवला होता. तेव्हा महारेराचा नंबर बघून हुरळून जाऊ नका. बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्राची प्रत घ्या, ती घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात स्वतः जा आणि जावक क्रमांक त्यांच्या नोंदवहीशी ताडून घ्या. दुय्यम निबंधकाकडे करार नोंदला म्हणजे इमारत कायदेशीर झाली, असं होत नाही. मित्राला एकच विचारा, या इमारतीला कुठल्या राष्ट्रीयीकृत बँकेने कर्ज दिलंय? तो ‘कर्जाचं मी बघतो’ म्हणाला तर तिथेच थांबा.

सहा लाख मुदत ठेवीत ठेवा. म्हाडाच्या कोकण मंडळाची आणि सिडकोची सोडत निघेल तेव्हा उत्पन्न गट बघून अर्ज करत राहा. तळोज्याकडची घरं बघायला हरकत नाही, १७ नोव्हेंबर २०२३ पासून पेंधर ते बेलापूर मेट्रो आहे, पुढे नेरुळला गाडी बदलून ऐरोली गाठता येते. उलव्याला मात्र घाई नको. उरण मार्गावरच्या गाड्या अजून विरळ आहेत, सेकंड शिफ्टनंतर एक गाडी चुकली की फलाटावर बराच वेळ बसावं लागेल.

प्रश्न : ताई, मी हिंगोलीचा, आयटीआय फिटर. चाकणला कंत्राटदारामार्फत काम मिळतंय. कोयता गँगचे व्हिडिओ बघून आईवडील पुण्याकडे पाठवायला तयार नाहीत. चाकणमध्येच राहू की भोसरीला मित्रांच्यात कॉट बेसिसवर?
– एक वाचक, हिंगोली

उत्तर : बाळा, ते व्हिडिओ खरे असतात, पण चाकण-भोसरी गेली काही वर्षं पिंपरी-चिंचवडच्या स्वतंत्र पोलीस आयुक्तालयात आहे. १५ ऑगस्ट २०१८ ला ते सुरू झालं. म्हणजे पुणे शहराच्या बातम्यांवरून तिथलं ठरवता येत नाही. तुझ्या वयाच्या कामगाराला तिथे खरा त्रास वेगळा होतो : पगाराच्या आसपास, रात्रपाळी सुटल्यावर, अंधाऱ्या रस्त्यावर एकट्याला गाठून मोबाइल काढून घेणं. त्यामुळे कंपनीची बस कुठल्या थांब्यावर येते ते आधी विचार आणि त्या थांब्यापासून पाच-सात मिनिटांवर खोली बघ, मग चाकण असो की भोसरी. मित्र भोसरीत असतील आणि बस तिथून सुटत असेल तर तिथेच राहा. ओळखीची चार माणसं सोबत असली की आईलाही झोप लागेल. रात्रपाळीला दोघातिघांनी मिळून निघा, पगाराचा एटीएम दिवसा कर.

कंत्राटदाराचं मात्र नीट तपास. ‘नोकरी लावतो’ म्हणून आधी पैसे मागितले तर जाऊ नकोस. नेमणुकीचं पत्र लेखी घे, त्यावर मूळ कंपनीचं नाव हवं. पहिल्या पगाराच्या चिठ्ठीवर भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा तुझा क्रमांक, आहे का बघ आणि दुसऱ्या महिन्यात पासबुकात पैसे जमा झालेत का ते मोबाइलवर तपास. झाले नसतील तर लगेच कळव, पुढे काय करायचं ते सांगते.