पळायला लागतोयस, तर एवढं ऐक

क्रिकेट सोडून मी पळण्याकडे का वळलो, विचारलंस. खरं सांगू? रविवारी अकरा जण गोळा करायचाच वैताग. एकाची ड्युटी, दुसऱ्याच्या घरी पाहुणे, तिसरा नुसता ‘आलोच की’ म्हणणारा. पळायला दुसरं कोण लागत नाही बघ. कालच्यापेक्षा जरा लांब गेलो की दिवस माझा.

तू सुरुवात आपल्या बेळगावात, टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोच्या मोकळ्या आवारात कर. वर झाडं, पायाखाली माती, डांबरापेक्षा मऊ. पहिले 15 दिवस 2 मिनिटं पळ, 2 मिनिटं चाल, असं 20 मिनिटं. पळताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. धापेनं शब्द तुटायला लागले तर वेग कमी कर. मी हे ऐकलं नाही. तिसऱ्याच आठवड्यात येळ्ळूरचा राजहंसगड पळत चढायला गेलो आणि नडगी अशी धरली की महिनाभर जिना उतरताना कठडा सोडवत नव्हता. दम लवकर वाढतो, हाडं-सांधे मागून येतात, तिथंच फसतो माणूस.

बूट संध्याकाळी घे, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. अंगठ्यापुढे बोटभर जागा राहू दे. घड्याळबिड्याळ नंतर.

जुलैत पाऊस लागला की सगळा लाल चिखल. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून वाळव, चुलीजवळ ठेवू नकोस, सोल सुटतो. फरशीवरच्या ठशांवरून आई ओरडेल. ओरडू दे.