आधी गावात जाऊन या, मग अ‍ॅप बनवा

अरे, गावासाठी काहीतरी बनवायचंय ना तुमच्या गटाला? मग डिझाइन थिंकिंग (आधी लोकांची गरज समजून घ्यायची, मग उपाय शोधायचा) म्हणत पहिल्याच बैठकीत अ‍ॅप ठरवून मोकळे होऊ नका. २००७ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना काम मिळालं होतं स्वस्त इनक्युबेटरचं, म्हणजे नवजात बाळाला ऊब देणाऱ्या पेटीचं. एक जण नेपाळला गेला, तर दवाखान्यात इनक्युबेटर होते, पण रिकामे! कमी वजनाची बाळं जन्मत होती लांबच्या खेड्यांत, जिथे विजेचाही भरवसा नाही. त्यातून 'एम्ब्रेस' आलं: मेणासारख्या पदार्थाची पिशवी तापवून बाळाच्या दुलईत सरकवायची, काही तास ऊब टिकते. त्या गटात संगणकवाला होता, इलेक्ट्रिकलवाला होता, एमबीएवालीही. तुमच्यात सगळे मेकॅनिकलचेच दिसतायत! समाजकार्य शिकणारं कुणीतरी आणा, गावात बोलायला त्यांना पुढे करा, तुम्ही वही धरा. नमुना पुठ्ठ्याचाच दाखवा. चकचकीत वस्तूला लोक भिडेखातर "छान आहे" म्हणतात.