कोपऱ्यातली सही काढा

प्रश्न : ‘विकी लव्हज मॉन्युमेंट्स’ या वारसावास्तूंच्या फोटोंच्या स्पर्धेसाठी एका जुन्या इमारतीचे फोटो काढले आहेत. परवाना मुक्त असल्याने कुणीही ते वापरेल, विकेलसुद्धा, असं कळलं. कोपऱ्यात माझं नाव टाकून पाठवू का? शिवाय प्रत्येक फोटोत इमारत मागे कलंडल्यासारखी दिसते.
— एक वाचक

उत्तर : नाव टाकू नका. पहिल्या वर्षी मी टाकलं होतं, चांगलं ठसठशीत, थेट पायऱ्यांवर. पुढे त्या इमारतीवरच्या विकिपीडियाच्या लेखात दुसऱ्या कुणाचा तरी जरा धूसरच फोटो लागला आणि माझा पडून राहिला. नावाची सोय परवान्यातच आहे. सीसी बाय-एसए ४.० या मुक्त परवान्याखाली दिलेला फोटो वापरणाऱ्याला तुमचं नाव द्यावंच लागतं आणि त्यात फेरफार करून तो प्रसिद्ध केला, तर तोही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. स्वामित्वहक्क तुमचाच राहतो. विकण्याबद्दल ऐकलंत ते मात्र खरं. ‘व्यावसायिक वापर नको’ अशी अट घातलेला फोटो विकिमीडिया कॉमन्स, म्हणजे स्पर्धेचे फोटो जिथे जमा होतात तो संग्रह, घेत नाही, आणि एकदा दिलेला परवाना मागेही घेता येत नाही. जीव अडकलेला फोटो असेल तर तो घरीच ठेवा!

आता कलंडण्याचं. जवळ उभं राहून कॅमेरा वर उचलला की उभ्या रेषा वरच्या टोकाला एकमेकींकडे झुकतात. मागे सरका आणि कॅमेरा सरळ समोर धरा. खाली नुसती जमीन आली तरी येऊ द्या, ती नंतर कापता येते. मागे जागाच नसेल तर चारही बाजूंना मोकळीक ठेवून काढा, कारण सॉफ्टवेअरमध्ये रेषा सरळ करताना कडा जातात. कोरीवकाम असेल तर तिरप्या उन्हाची वाट पाहा. डोक्यावरच्या उन्हात मी कितीतरी नक्षी सपाट करून ठेवली आहे.

रात्रीच्या रोषणाईचा मोह होईल, पण जरा जपून. आयफेल टॉवरचा दिवसाचा फोटो निर्धास्त देता येतो, रात्रीच्या रोषणाईवर मात्र स्वामित्वहक्क सांगितला जातो. देशागणिक नियम वेगळे, तेव्हा आधी पाहून घ्या.

फोटो जुना चालतो, अपलोड मात्र स्पर्धेच्या मुदतीतच करायचा. बहुतेक ठिकाणी ती सप्टेंबरात असते. वारसायादीतला इमारतीचा क्रमांक विसरू नका. २०१० साली नेदरलँड्समध्ये ही स्पर्धा सुरू झाली तीच अशा याद्यांमधल्या वास्तूंना फोटो मिळावेत म्हणून. आणि हो, मागची भिंतही काढा. दर्शनी भाग सगळेच काढतात.