क्रिओत (थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये) मोठी असेंब्ली, म्हणजे अनेक पार्ट जोडलेलं मॉडेल, रिजनरेट व्हायला, म्हणजे बदलानंतर परत उभं राहायला, फार वेळ लागतो. नवीन ग्राफिक्स कार्ड घेतल्याने फरक पडेल का?

नाही पडणार. रिजनरेट चालू असताना टास्क मॅनेजर उघडून बघा. प्रोसेसरचा एक कोअर राबत असतो, बाकीचे जवळपास रिकामे. फीचर (मॉडेलमधली एकेक पायरी, जसं भोक किंवा कड) आधीच्या फीचरच्या आधारावर उभं राहतं, त्यामुळे आधीचं झाल्याशिवाय पुढचं सुरूच होत नाही. त्यात ग्राफिक्स कार्डाला कामच नाही.

यावरून मी आमच्या साहेबांशी कडाक्याचा वाद घातलाय. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका कंपनीत होतो. फाउंड्रीतून येणाऱ्या कास्टिंगच्या (ओतीव भागांच्या) मशिनिंगसाठी एसपीएम (एकाच कामासाठी बनवलेली खास मशीन) आणि फिक्स्चर (भाग घट्ट धरून ठेवणारी चौकट) करायचो. एका फिक्स्चरची बेसप्लेट ३२ ची ४० एमएम करायची होती, बस्स. रिजनरेट दाबून खाली टपरीवर चहा पिऊन आलं तरी ते चालूच. साहेब म्हणाले, मशीन जुनं झालंय. नवं वर्कस्टेशन आलं, भारीतलं कार्ड आलं. मॉडेल झकास फिरायला लागलं. रिजनरेट होतं तिथंच.

मग मी हट्टाने एकेक सबअसेंब्ली सप्रेस (तात्पुरती बंद) करत गेलो. प्रत्येक क्लॅम्पखाली रिटर्न स्प्रिंग होती. ती खऱ्या हेलिकल स्वीपची (एकेक वेढा काढलेली), वर फ्लेक्सिबल केलेली (जागेनुसार आकार बदलणारी), लांबी क्लॅम्पवरून मोजून घेणारी. प्लेट हलली की प्रत्येक स्प्रिंगचा हिशोब वेगळा. त्याहून वाईट म्हणजे कूलंट पाइपच्या ब्रॅकेटचं स्केच बेसप्लेटच्या चॅम्फरची (तिरप्या कापाची) एज म्हणजे कड धरून बसलेलं, गार्ड त्या ब्रॅकेटवर, आणि एक स्टॉपर परत गार्डवर. समोर दिसली ती एज उचलायची, हीच सवय सगळ्यांना. स्प्रिंगच्या जागी साधा सिलिंडर टाकला. प्लेन आणि ॲक्सिसचा एक स्केलेटन (सगळ्या पार्टना आधार देणारा सांगाडा) केला, सगळे रेफरन्स (कुठला पार्ट कशाला धरून आहे ते) तिकडे वळवले आणि रेफरन्स कंट्रोल या सेटिंगमध्ये स्केलेटनशिवाय बाहेरचं काही उचलायला बंदी घातली. त्यानंतर तोच बदल खुर्चीवरून उठायच्या आत व्हायचा.

तुम्हीही सप्रेस करतच शोधा, पण कॉपीवर. जिथे वेळ एकदम उतरतो, तिथे रेफरन्स व्ह्यूअर उघडा, कोण कोणाला धरून आहे ते दिसेल. बोल्टना कॉस्मेटिक थ्रेड (आट्यांची नुसती खूण) पुरे. खरे आटे काढायचे लाड कशाला?

आता हेही सांगतो. मॉडेल फिरवताना अडकत असेल तर कार्ड जरूर घ्या. उघडायलाच वेळ लागत असेल तर फायली नेटवर्कवरून येतात का बघा. रॅम भरून डिस्क वाजत असेल तर आधी रॅम वाढवा. प्रोसेसर घेताना कोअर मोजू नका, एका कोअरचा वेग बघा. आणि सिम्प्लिफाईड रेपवर (काही पार्ट वगळलेल्या हलक्या रूपावर) काम करत असाल तर वजन काढायच्या आधी मास्टर रेपवर (पूर्ण रूपावर) या, नाहीतर वगळलेले पार्ट हिशोबात येणार नाहीत.

साहेबांचं शेवटपर्यंत एकच, "स्केलेटन करत बसायला वेळ कुठाय, डिलिव्हरी तोंडावर आहे." अहो, कास्टिंगचा पॅटर्न (साच्याचा नमुना) सुधारला की कास्टिंगवरचा बॉस, म्हणजे उंचवटा, दोन-तीन एमएम सरकतोच आणि ड्रॉइंगचं नवं रिव्हिजन येतंच. पहिल्या दिवशी स्केलेटनला दिलेला वेळ दुसऱ्याच रिव्हिजनला वसूल होतो. त्या कार्डाच्या पैशात तेवढे दिवस एक डिझायनर त्याच कामाला बसवता आला असता, हे मी तेव्हाही तोंडावर सांगितलं होतं.